काकांची छत्री आणि हरवलेला अर्धा तास

आमच्याकडे कुंपण नाही. चौदाव्या मजल्यावर कुंपण कुठून येणार? आहे तो सिंगापुरात, जुरोंग वेस्टमधल्या सरकारी इमारतीचा लांबलचक कॉरिडॉर. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला काकूंचं दार, त्याच्या अलीकडे आमचं. दोन दारांमध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड, एक तुळस आणि एक कढीपत्ता. तुळस काकूंची, कढीपत्ता माझा, आणि स्टँड कुणाचा यावर सात वर्षं एकमत झालेलं नाही. गप्पा मारायला एवढं पुरतं.

परवा सकाळी मी फोडणीसाठी कढीपत्ता तोडायला बाहेर आले, तर काकू पंचा झटकत म्हणाल्या, "अगं, तुझ्या काकांनी काल रात्री पुन्हा खून केला."

"कुणाचा?"

"त्याच माणसाचा. तिसऱ्यांदा."

तर झालंय असं, की काका गोष्ट लिहितायत. विज्ञानकथा, आणि तीही थरारक. यंदा दिवाळी अंकाला पाठवायची म्हणतात. काका माटुंग्याच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनियर झालेले. १९९७ च्या नोव्हेंबरात इथे आले ते थेट जुरोंग आयलंडवरच्या एका कंपनीत. कंपनीचं नाव घ्यायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. अठ्ठावीस वर्षं तिथेच काढली आणि निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी पास जमा केला, घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून वही-पेन घेऊन बसले. काकूंना आधी वाटलं, मृत्युपत्र करतायत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जुरोंग आयलंड म्हणजे रविवारी पोरांना घेऊन जायची जागा नव्हे. तेलशुद्धीचे कारखाने, टाक्या, नळ, चिमण्या. राहायला एकही माणूस नाही. २००१ मध्ये अमेरिकेतला तो हल्ला झाल्यावर त्या बेटाला संरक्षित जागा ठरवलं. पुलाआधी चेकपोस्ट. पास असल्याशिवाय पलीकडे पाऊल टाकता येत नाही, आणि पास असला तरी आत फोटो काढता येत नाहीत. रात्री आमच्या कॉरिडॉरमधून त्या बाजूला ढगांखाली कधीकधी तांबूस उजेड दिसतो. काकूंनी नवऱ्याची नोकरी पाहिली ती एवढीच.

"अठ्ठावीस वर्षं डबा दिला," काकू म्हणाल्या, "पण तो उघडतात कुठे बसून, ते काही मला दिसलं नाही. इतरांच्या बायका नवऱ्याचं ऑफिस बघून येतात, वार्षिक समारंभाला साडी नेसून जातात. आमच्याकडे एक फोटो नाही. बेटबीट काही नाहीच, हे बून लेला कोपीटियममध्ये कॉफी पीत बसून राहतात, असं म्हटलं तरी मला खोटं कसं पाडणार कोणी?"

"मग वाचा की आता गोष्टीत."

"वाचतेय ना! म्हणून तर पंचा झटकतेय."

गोष्ट काकूंच्या तोंडून मला कळली ती अशी. नायक इंजिनियर. रात्रपाळी संपवून गेटवर येतो, अंगठा लावतो. मशीन म्हणतं, तुम्ही अर्ध्या तासापूर्वीच बाहेर पडलात. म्हणजे नायक आत आहे आणि तोच बाहेरही आहे. रखवालदार त्याला बाजूला बसवतो. इकडे बाहेर पडलेला तो दुसरा बस पकडून नायकाच्या घरी जातो आणि नायकाच्या बायकोच्या हातची आमटी-भात जेवतो.

"आणि बायकोला कळत नाही?" मी विचारलं.

"तेच मी विचारलं! तर काय म्हणाले ठाऊक आहे? इतक्या वर्षांनी बायको नवऱ्याकडे बघते कुठे, ताट वाढते आणि मालिका लावते." पंचा पुन्हा एकदा असा काही झटकला गेला, की कढीपत्त्याची दोन पानं गळाली. "मी म्हटलं, अहो, तो दुसरा आमटीत वरून मीठ घेणार नाही, तिथेच पकडेन मी त्याला."

आता हा दुसरा आला कुठून? इथे काकांनी मात्र खरोखर डोकं लढवलंय, आणि ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. ३१ डिसेंबर १९८१ च्या रात्री सिंगापुरात साडेअकरा वाजले आणि लगेच बारा वाजले. मधला अर्धा तास झालाच नाही. मलेशियाला आपला पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा भाग एका घड्याळावर आणायचा होता. त्यांनी काटे अर्धा तास पुढे केले. व्यापार, प्रवास सगळं त्यांच्याशी जोडलेलं, म्हणून सिंगापूरनंही केले. त्या आधी इथलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेसात तास पुढे होतं, तेव्हापासून आठ तास. डोंबिवलीला फोन लावताना आपण जे अडीच तास मोजतो ना, ते १९८१ पर्यंत सरळ दोन होते.

या गावाच्या घड्याळाशी अशी छेडछाड ती पहिलीच नव्हती. १९३३ साली वीस मिनिटं पुढे. १९४१ मध्ये आणखी दहा. १९४२ च्या फेब्रुवारीत जपान्यांनी शहर घेतलं, त्याचं नाव बदलून श्योनान केलं, आणि घड्याळ टोकियोच्या वेळेला लावलं. म्हणजे माणसं झोपली सिंगापुरात नि उठली श्योनानमध्ये, दीड तास उशिरा. साल म्हणाल तर तेही जपानी गणनेनं २६०२. सप्टेंबर १९४५ मध्ये ते दीड तास परत मिळाले. त्या काळच्या माणसाला तुमचा जन्म कधीचा, कुठला, असं विचारलं असेल तर त्यानं काय सांगावं? आणि आपण म्हणतो काळाचे घोटाळे फक्त विज्ञानकथेत असतात.

तर काकांचा तो दुसरा माणूस त्या रात्री पावणेबाराला जन्मला. झालाच नाही त्या अर्ध्या तासाच्या बरोबर मध्यावर. आणि जन्मला कुठे? होडीत. दोन बेटांच्या मधल्या पाण्यात.

"ते पाणी आता नाहीच," काकू म्हणाल्या. "भर टाकून रस्ता केलाय तिथे. म्हणजे बघ, त्या पोराची जन्मवेळ झालेली नाही आणि जन्मस्थळ बुजवलेलं. मी ह्यांना एकच विचारलं: याची पत्रिका कशी मांडायची?"

काकू पत्रिका मांडत नाहीत, पण वाचतात, आणि ज्यांची वाचतात त्यांना चार दिवस झोप लागत नाही. त्यांनी लगेच सासऱ्यांचं उदाहरण काढलं. सासरे मुंबईत जन्मले, गिरगावात, इंग्रजांच्या काळात. आता १९०६ पासून देशभर भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईनं ती मनापासून घेतली नाही. शहराची स्वतःची मुंबई टाइम होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. स्टेशनवर एक वाजलेलं, पेठेत दुसरंच. सासऱ्यांच्या जन्माची वेळ घरच्यांनी लिहून ठेवली, पण कुठल्या घड्याळाची ते लिहिलं नाही. ३९ मिनिटांत लग्नराशी बदलत होती. एका ज्योतिषानं सांगितलं, हा माणूस परदेशी जाईल. दुसऱ्यानं सांगितलं, घर सोडणार नाही.

"मग गेले का परदेशी?"

"कल्याणला गेले. आणि जन्मभर कुरकुरले की दुसऱ्याच कुणाचं आयुष्य आपल्या वाट्याला आलं म्हणून."

एवढ्यात काका दारात आले. हातात कपबशी, कानावर पेन. "माझ्या वडिलांना मध्ये आणू नको," म्हणाले, "आणि तिला गुहेचं सांग."

गुहेचं असं आहे. जुरोंग आयलंडजवळ समुद्राच्या तळाखाली खडक कोरून तेल साठवायच्या पाच गुहा केल्या आहेत. २०१४ च्या सप्टेंबरात त्या रीतसर सुरू झाल्या. जमिनीपासून दीडशे मीटर खोल, एकेक गुहा नऊ मजली इमारतीएवढी उंच, सगळ्या मिळून १४ लाख ७० हजार घनमीटर माल मावतो. खडकातून तेल झिरपत कसं नाही? तर भोवतीच्या खडकात पाण्याचा दाब मुद्दाम राखलेला असतो; पाणी आत यायला बघतं म्हणून तेल बाहेर जात नाही. काकांच्या गोष्टीत यातल्या एका गुहेशेजारी सहावी गुहा आहे, नकाशात नसलेली, आणि त्या सहावीत तो १९८१ चा अर्धा तास साठवून ठेवलाय.

"तेल साठवता येतं, तर वेळ का नाही?" काकांनी मला विचारलं. मला एकदम उत्तर सुचलं नाही. काकूंना सुचलं.

"गुहा झाली २०१४ ला. अर्धा तास १९८१ चा. मधली तेहेतीस वर्षं कुठे ठेवला होता? फ्रीजमध्ये?"

काका आत गेले. त्या प्रकरणावर सध्या काम चालू आहे.

काका गेल्यावर काकूंनी आवाज खाली आणला. वाचकहो, इथून पुढचं तसं घरातलं आहे, पण काकूंची हरकत नाही. काकांना विचारलेलं नाही.

"ह्यांना ना, ती बेटं लागलीत," काकू म्हणाल्या. "झोपेत नावं घेतात."

नावं खरोखर घेण्यासारखी आहेत. आज जे जुरोंग आयलंड म्हणून एकसंध दिसतं ते मुळात सात बेटांचं आहे: आयेर चवान, आयेर मर्बाउ, मर्लीमाउ, पेसेक, धाकटं पेसेक, साक्रा आणि सराया. सगळी मिळून हजार हेक्टरही नव्हती. १९९५ मध्ये मधला समुद्र बुजवायला घेतला, २००९ मध्ये काम संपलं, ठरल्यापेक्षा वीस वर्षं आधी, आणि तीन हजारांवर हेक्टरांचं एक बेट झालं. आधी तिथे मलय कोळ्यांची वस्ती होती. त्यांना मुख्य बेटावर आणून बहुमजली घरांत बसवलं. बेटांची नावं उरली ती रस्त्यांना. साक्रा रोड, सराया अव्हेन्यू, आयेर मर्बाउ रोड.

काकू पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा काकांनी त्यांना नकाशा दाखवला. त्यावर आयेर चवान. मलय भाषेत आयेर म्हणजे पाणी, चवान म्हणजे पेला. काकूंनी वाचलं 'अय्यर-चव्हाण' आणि दोन वर्षं त्यांचा ठाम समज होता, की कुणा मद्राशी-मराठी जोडप्यानं बेट विकत घेऊन त्याला जोडआडनाव दिलंय. मुलीनं तामिळ मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, हरकत नाही, आपल्याकडे बेटापर्यंत चालतं.

सात बेटं म्हटल्यावर मुंबईकर गप्प बसणं शक्यच नाही. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. तिथेही भरच टाकली. वरळीचा बांध घालताना तो पुन्हा पुन्हा ढासळे, मग प्रभू इंजिनियरच्या स्वप्नात देवी आली, समुद्रात मूर्ती सापडल्या, महालक्ष्मीचं देऊळ झालं आणि बांध टिकला, ही दंतकथा काकूंना पाठ आहे. "त्या इंजिनियरच्या स्वप्नात देवी," त्या म्हणतात, "आणि आमच्या इंजिनियरच्या स्वप्नात रखवालदार." पण मुंबईत आज परळचा माणूस परळचाच राहतो, वरळीचा कोळी आपल्या कोळीवाड्यात आहे. इकडे साक्राचा म्हणून कोणी साक्रावर नाही. आपण कुठले, असं विचारलं तर त्या कोळ्याच्या नातवानं कुठे बोट दाखवायचं? पास असल्याशिवाय जायची परवानगी नाही. गोष्टीत काकांना खरं हेच म्हणायचं आहे, आणि ते सोडून त्यांनी खुनात नि गुहेत पानं घालवली आहेत, हे माझं मत. काकूंना सांगितलं तर त्या एकदम म्हणाल्या:

"माणसाचं नाव बदललं की त्याचं काय होतं ते मला विचार. ह्यांना काय कळतंय."

काकूंचं माहेरचं नाव वेगळं. १९८८ साली लग्न झालं, गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं नवं नाव लिहिलं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. एका संध्याकाळात नाव गेलं, वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी. पासपोर्ट काढताना राजपत्रात छापून आणावं लागलं, की ती आणि ही एकच. सिंगापूरच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव मधे घालून सगळं एका ओळीत बसेना, तेव्हा शेवटची चार अक्षरं कापली गेली. म्हणजे इथे तिसरी.

"सत्तावीस वर्षांनी शाळेतल्या मैत्रिणीनं मागून जुन्या नावानं हाक मारली, डोंबिवली स्टेशनात, तर मी वळलेच नाही. ती ओरडतेय नि मी आपली दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतेय समजून चाललेय. गाडीत बसल्यावर ध्यानात आलं, अगं बाई, ती तर मी." काकू हसल्या. "आणि हे म्हणतात, मशीननं ओळखलं नाही, केवढा थरार!"

मी म्हटलं, काकू, हे लिहा की. त्या म्हणाल्या, मला कुकर लावायचाय.

पण कुकर लावून परत आल्या. गप्पांचं असं असतं, की निघताना खरी सुरू होतात. म्हणाल्या, ह्यांनी नवीन असं काही काढलेलंच नाही. रेवतीची गोष्ट बघ. पुराणांत आहे. ककुद्मी राजा लेकीला घेऊन ब्रह्मलोकी गेला, हिला कोणता नवरा योग्य ते विचारायला. तिथे गाणं चालू होतं. संपेपर्यंत थांबला. मग विचारलं, तर ब्रह्मदेव हसले. म्हणाले, तू मनात धरलेले नवरे, त्यांची पोरं, नातवंडं सगळी गेली, खाली सत्तावीस चतुर्युगं झाली. परत आल्यावर रेवती बलरामाला दिली. जुन्या युगातली म्हणून ती ताडमाड उंच, तेव्हा बलरामानं नांगराच्या टोकानं तिला खाली ओढून आपल्या मापाची केली.

"नवऱ्याच्या मापाची," काकू म्हणाल्या. "तिथेही तेच."

आणि योगवासिष्ठातला गाधी. पाण्यात बुडी मारतो, आणि तेवढ्यात एक आख्खा जन्म जगतो: चांडाळाच्या घरी वाढतो, संसार करतो, पुढे एका देशाचा राजा होतो, ओळख उघडी पडते, चितेत उडी घेतो. डोकं वर काढतो तर अंगावर पाणी निथळतंय, बुडी तेवढीच. भ्रम म्हणून सोडून देईल, तर पुढे तो त्या गावी जातो आणि तिथली माणसं सांगतात, हो, होता असा एक इथे. अंगावर काटा आणणारी जागा ती. स्वप्न पडलं यात काही नाही, त्या स्वप्नाला साक्षीदार निघाले यात सगळं आहे.

मला तिथे विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकरच आठवले. 'गंगाधरपंतांचे पानिपत' आपल्या पिढीनं वाचलंय. माझ्या मुलीला तेच अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात धडा म्हणून आहे आणि तिला ते मुळात मराठी आहे हे पटेना. प्राध्यापक गंगाधरपंत मुंबईत उतरतात, पण ही मुंबई निराळी. मुलाच्या कचेरीत जातात तर त्या नावाचा माणूस तिथे कधी नव्हताच. ग्रंथालयात इतिहास उघडतात तर १७६१ च्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही, चाटून गेली. परत आपल्या जगात येतात तेव्हा खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं फाटकं पान असतं. मुलीला मी म्हटलं, गंमत सांगू? हे नारळीकर विज्ञानकथेच्या प्रांतात आले तेच वेगळ्या नावानं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. जयंत विष्णु नारळीकर, ज-वि-ना; ते उलटं केलं की ना-वि-ज. आपल्या नावाला बक्षीस मिळू नये, कथेला मिळावं म्हणून. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

"बघा," काका आतून ओरडले. ऐकत होते म्हणजे. "मी पण टोपणनाव घेणार आहे."

"घ्या," काकू म्हणाल्या. "माझं माहेरचं रिकामंच आहे."

आता छत्रीकडे येते. खरं म्हणजे हे सगळं लिहायला मी बसले ते छत्रीसाठी.

काका सांगतात, नोकरीचा पहिला दिवस त्यांना लख्ख आठवतो. डिसेंबर १९९७. कंपनीची बस, खिडकीजवळची जागा, पुलावरून दोन्हीकडे पाणी, आणि समोर चिमण्यांमागे उजाडतंय. हे ते इतकं रंगवून सांगतात, की मलाही दिसायला लागलंय. काकूंचं म्हणणं, पहिल्या दिवशी हे होडीनं गेले. जुरोंगच्या धक्क्यावरून. डिसेंबरचा पाऊस धो धो, वाऱ्यानं डोंबिवलीहून आणलेली लाकडी दांड्याची काळी छत्री उडून समुद्रात गेली, आणि संध्याकाळी हे निथळत दारात उभे राहिले. नव्या देशात येऊन काकूंना तीन आठवडे झालेले. छत्री कुठे मिळते हेही ठाऊक नव्हतं.

एकाच दिवसाच्या दोन आठवणी. कोणाची खरी? मी आपली बी.ए.ला मानसशास्त्र शिकलेली, नाक खुपसलं. म्हटलं, काका, तो पूल सुरू झाला मार्च १९९९ मध्ये. १९९७ ला तुम्ही त्यावरून जाल कसे?

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण मला दिसतंय ना." ते ज्या आवाजात म्हणाले, त्यावर मला पुढे वाद घालवेना.

आठवणींचं हे असं होतं, हे सिद्ध झालेलं आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना त्याच प्रश्नात 'धडकल्या'ऐवजी 'चक्काचूर झाल्या' असा शब्द घालून विचारलं. चक्काचूरवाल्यांनी वेग जास्त सांगितला. आणि आठवड्यानं विचारलं, काचा फुटलेल्या दिसल्या का, तर त्यांच्यातल्याच जास्त जणांना दिसल्या होत्या. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. काकांनी पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं रोज तोच पूल ओलांडला. पहिल्या दिवसाच्या जागी त्यातलीच एखादी सकाळ येऊन बसली असणार. खरी म्हणून पडताळायला फोटो हवा, तर फोटो काढायची बंदी.

हे मी काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुरणपोळी लाटताना फाटते की नाही," त्या म्हणाल्या, "मग आपण जरा कणीक घेऊन ठिगळ लावतो, वर पिठी भुरभुरवतो, लाटतो. तव्यावरून उतरली की फाटली कुठे होती, आपल्यालाच सापडत नाही. खाणाऱ्याला कुठून सापडणार?"

"पण मग तुमची होडीसुद्धा ठिगळच नसेल कशावरून?"

काकू आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. १९९७-९८ ची हिशेबाची वही, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. बोटानं ओळ दाखवली. भात, डाळ, दूध, बसभाडं, आणि खाली: छत्री, ९ डॉलर. तेव्हाच्या भावानं दोनशेच्या वर रुपये, म्हणून खाली दोन रेघा मारलेल्या. मला वाटलं, संपलं. गंगाधरपंतांच्या खिशातलं पान सापडलं.

काकांनी चष्मा लावून ओळ वाचली. "ही तुझी छत्री," म्हणाले. "तू आणलेली. फुलाफुलांची."

काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, फुलाफुलांची एक छत्री घरात होती खरी.

आता याच्यावर कडी ऐका. काल काकूंनी मला गोष्टीचं पहिलं प्रकरण वाचायला दिलं. नायक कामाच्या पहिल्या दिवशी होडीनं बेटावर जातो. पाऊस. वारा. लाकडी दांड्याची काळी छत्री हातातून सुटते, पाण्यावर उलटी पडते आणि दोन बेटांच्या मधून तरंगत जाते. फार सुंदर लिहिलंय. मी काकांना म्हटलं, हे तर काकूंचं! तर म्हणाले, "छे, हे कल्पित आहे."

"बघितलंस?" काकू म्हणाल्या. "माझी आठवण नायकाला दिली, आणि स्वतः मात्र पुलावरूनच जातायत."

खुनाचा प्रश्न अजून लोंबकळतोय. शेवटी दोघांपैकी एकानं मरायला हवं, असं काकांना वाटतं. गेटमधून एकच अंगठा बाहेर पडू शकतो. तीनदा नायकाला मारलं, तीनदा जिवंत केलं. त्या बुजलेल्या पाण्यात जन्मलेल्याला मारायला मात्र त्यांचा हात होत नाही. काकूंनी निकाल दिलाय: दोघांनाही घरी येऊ द्या, आमटीत पाणी वाढवता येतं.

तेव्हा माझी एक विनंती आहे. १९९७ च्या डिसेंबरात, पावसाच्या एका सकाळी, जुरोंगच्या धक्क्यावरून साक्राकडे निघालेल्या होडीत तुमच्यापैकी कोणी असेल, आणि एका सडपातळ मराठी माणसाची काळी छत्री उडालेली पाहिली असेल, तर कृपा करून कळवावं. चौदावा मजला, कॉरिडॉरचं शेवटचं दार, बाहेर तुळस आहे. आणि तुम्हाला तो माणूस बसमध्ये पुलावर दिसला असेल, तर शेजारच्या दारात येऊन मला सांगा; काकूंना सांगू नका.